पाकदे विग्न्यो आणि चौथ्या मिनिटाला थांबलेली फिल्म

आमच्या गल्लीत पाकदे विग्न्योंची नक्कल करणं सगळ्यात सोपं. आधी घसा खाकरायचा. मग दोन्ही हात पोटावर एकावर एक ठेवायचे, मान जराशी कलती करायची आणि समोरचा कशाला आलाय हे पक्कं ठाऊक असलं तरी म्हणायचं, "हं... तर मग... आज आपलं येणं कशानिमित्त बरं झालं?" एवढ्यावरच पोरं खो खो हसतात. मीही कितीतरी वेळा हसवलंय. हल्ली कमी करते.

पाकदे म्हणजे थोरले काका. ते सख्खे कुणाचेच नाहीत, म्हणून सगळ्या गल्लीचे. आमच्या जावा बेटावरच्या क्लातेनच्या तालुका कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं कारकुनी केली. त्यांनी तयार केलेल्या पत्रावर साहेब न वाचता सही ठोकायचे, असा लौकिक. निवृत्त झाल्यावर मुलीनं कॉम्प्युटर घेऊन दिला. तो बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसला. बुदेंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्याला पिवळ्या दोऱ्याची क्रोशाची झूल विणली. पडद्याला एक, डब्याला एक, आणि माउसला टोपडं. मागच्या वायरींचा गुंता पाकदेंना बघवेना, म्हणून त्यांनी एकेक वायर घडी घालून रबरबँडनं बांधली. डब्याचं झाकण उघडून आतल्यासुद्धा. कचेरीतल्या फायलींसारखं सगळं नीटनेटकं.

त्या सुमारास गल्लीतल्या प्रत्येक घरात फोन भरायला लागले होते. लग्नाच्या फिल्मी, सुंतेच्या फिल्मी, सतरा ऑगस्टच्या, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या, पोत्यातल्या शर्यती. फोन भरला की तो घ्यायचा, जवळ असली तर हार्ड डिस्क घ्यायची आणि पाकदेंचं फाटक वाजवायचं. ते सगळं कॉपी करून द्यायचे. पैसे घ्यायचे नाहीत. परत देताना डिस्क धुतलेल्या रुमालात गुंडाळून, दोन्ही हातांनी, जरासं वाकून. आणि वर फोनही आतून रिकामा करून, स्वच्छ पुसून.

सुरुवातीला कॉपी चालू असताना मध्येच पडद्यावर पाटी यायची. वाचता येत नाही. पुन्हा प्रयत्न करा, सोडून द्या, रद्द करा. पाकदेंना हा उद्धटपणा बिलकूल आवडला नाही. समोर पाहुणे बसलेले असताना असं बोलतात का? मग कुठल्याशा मासिकाबरोबर आलेल्या सीडीत त्यांना एक छोटासा प्रोग्राम सापडला. तो तक्रार म्हणून करायचा नाही. वाचता येईल तेवढं घ्यायचा, येणार नाही ती जागा मोकळी सोडून पुढे सरकायचा आणि शेवटी हिरवी पाटी लावायचा, काम पूर्ण.

"हं... याला म्हणतात संस्कार," पाकदे म्हणायचे.

तीन वर्षं गल्लीचं सगळं त्या संस्कारी प्रोग्रामातून गेलं.

आता तार्जोबद्दल. तार्जो हा बू सामिनेमचा, म्हणजे सामिनेमबाईंचा, जावई, टायरच्या दुकानात कामाला. मूळचा किनाऱ्याकडच्या तेगलचा. तेगलच्या माणसाला आमच्याकडे तोंड उघडायच्या आधीच हसतात, कारण ते आमचीच जावानी भाषा बोलतात, पण दगडावर दगड आपटल्यासारखी. आम्ही 'जरा बसावं म्हणते' म्हणतो तिथे ते 'सरक' म्हणतात. गल्लीत तार्जोच्या नकलेचा नंबर पाकदेंच्या खालोखाल लागायचा.

बू सामिनेमचे यजमान दार्मो जायच्या महिनाभर आधी तार्जोनं फोनवर त्यांची एक फिल्म काढली होती. अकरा मिनिटांची. दार्मो ओट्यावर बसून पिंजऱ्यातल्या कवड्याला बोलतं करायला बघतायत. कवडा काही ऐकत नाही आणि ते त्याची मनधरणी करतायत, "बोल की रे राजा. सकाळपासून खातोयस, निदान भाडं तरी दे!" बस, एवढंच. पण त्यांचा आवाज असलेली ती एकच फिल्म. ते गेल्यावर काही महिन्यांनी तार्जोनं फोन आणि घरची हार्ड डिस्क पाकदेंकडे दिली. पाकदेंनी कॉपी केली, फोन रिकामा केला, पुसला, रुमाल, दोन हात, सगळं रीतसर.

आठवड्यानं तार्जो फाटकातूनच ओरडला, "आवो पाकदे! त्ये चार मिंटाला बंद पडतंय!"

आमच्यात असं कुणी बोलत नाही. काही बिघडलं असेल तर आधी उकाड्याबद्दल बोलायचं, मग चहा, मग गुडघे, आणि निघताना चप्पल घालता घालता, जमलंच तर, एखादा शब्द. तार्जोनं तर अजून चप्पल काढलीही नव्हती.

"हं... बसा तर खरं. चहा घेणार?"

"च्या नगं. सासरा तोंड उघडतो आन् तसाच ऱ्हातो. बगा तुमीच."

पाकदेंनी डिस्क लावली. चार मिनिटं आणि बारा सेकंद झाले, दार्मोंनी कवड्याला काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. मग राखाडी चौकोन. दारात बुदे चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. एकतीस वर्षांत, बायकोच्या देखत, तुमचं काम बिघडलंय असं पाकदेंना कुणी म्हटलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले. पण आवाज काही चढला नाही, उलट आणखी मऊ झाला.

"ही डिस्क... कुठे आपटली-बिपटली तर नाही ना?"

तार्जोला खोटं बोलायची अक्कल नव्हती. "पलंगावरनं घसरली व्हती एकदा. पर खाली गादीच अंथरली व्हती, कायबी झालं न्हाई तिला."

"हं..." पाकदे म्हणाले.

तो 'हं' मला जमतो. नाकातून सुरू होतो, लांब जातो आणि शेवटी समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखा अलगद टेकतो. त्या 'हं'मध्ये सगळा निकाल होता.

पाकदेंनी कुणाची चुगली केली नाही. बुदेंना एवढंच म्हणाले, "बिचाऱ्याच्या हातून पडली म्हणे." बुदे भाजीच्या गाडीपाशी म्हणाल्या, पडली म्हणे. संध्याकाळपर्यंत गल्लीच्या दुसऱ्या टोकाला बातमी अशी पोचली होती, "तार्जोनं सासऱ्याला आपटलं."

बू सामिनेमनी भांडण केलं नाही, आदळआपट केली नाही. फक्त जावयाशी बोलणं सोडलं. तो समोर उभा असला तरी लेकीला म्हणायच्या, "तुझ्या नवऱ्याला सांग, नळ गळतोय." तार्जो म्हणायचा, "आवो माक, मला ऐकू येतंय की." माक म्हणजे आई. त्या लेकीकडेच बघत राहायच्या. हे दोन वर्षं चाललं. आम्हाला त्याची सवय झाली, आणि खरं सांगायचं तर त्यात गंमतही वाटायची.

मग दार्मोंच्या मरणानंतरचा हजारावा दिवस जवळ आला. त्यानंतर मेलेल्या माणसासाठी करायचं काही उरत नाही, पाहुणे जेवतात आणि त्याला कायमचा निरोप देतात. आठ दिवस आधी बू सामिनेम स्वतः डिस्क घेऊन पाकदेंकडे आल्या. हात छातीशी धरलेले, जणू आत पिल्लू आहे. अर्धा तास उकाड्याबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, "जमलं तर बघा हं. नाही जमलं तरी काही नाही. चार मिनिटं आहेत, तीही पुष्कळच आहेत माझ्यासारखीला." याचा अर्थ गल्लीतल्या तान्ह्या पोरालाही कळला असता.

पाकदेंनी ठरवलं, या वेळी तो संस्कारी प्रोग्राम नको. साध्या पद्धतीनं सगळी डिस्क आपल्या कॉम्प्युटरवर उतरवायची, म्हणजे नेमकं कुठे दुखतंय ते कळेल. सुरू केलं. छोट्या फायली भराभर गेल्या. मोठी आली की पट्टी सत्तर टक्क्यांवर थांबायची आणि ती जुनी उद्धट पाटी यायची. वाचताना चूक.

"बघितलंस ना?" ते बुदेंना म्हणाले. "डिस्कच दुखावलीय. पडली की असं होतं."

पण ते कारकून होते, शेरा मारायच्या आधी कागद जोडायची सवय. डिस्क पुढच्या भोकातून काढून मागच्या भोकात लावली. तेच. डिस्कची वायर बदलली. तेच. डब्याचं झाकण काढून रॅमची पट्टी उपसली आणि नातवाच्या खोडरबरनं तिचे सोनेरी दात घासले, आमच्याकडे प्रत्येक दुकानदार करतो तसे. बुदे म्हणाल्या, "परीक्षा आहे का तिची?" पट्टी पुन्हा बसवली. तेच, फक्त या वेळी बासष्ट टक्क्यांवर.

मग त्यांनी डिस्क तपासायचा प्रोग्राम लावला. तो सकाळी सुरू केला तो दुपारच्या नमाजापर्यंत चालला. निकाल आला, डिस्क ठणठणीत, एकही खराब जागा नाही.

पाकदेंनी चष्मा पुसला आणि पुन्हा तपासायला लावला. दुसऱ्या दिवशीही, ठणठणीत.

"मग चांगलंच आहे की," बुदे म्हणाल्या.

बुदेंनी नंतर सांगितलं की त्या दिवशी ते जेवायलाच बसले नाहीत. कॉम्प्युटरसमोर हात पोटावर ठेवून बसले होते, साहेबांनी बोलावल्यासारखे. मग त्यांनी बाहेरची डिस्क काढून बाजूला ठेवली. स्वतःच्या मुलीच्या लग्नाची फिल्म होती, ती स्वतःच्याच कॉम्प्युटरच्या एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात कॉपी केली. आता मध्ये ना तार्जोची डिस्क, ना तार्जोचा हात.

एकाहत्तर टक्के. वाचताना चूक.

डब्याचं झाकण त्यांनी पुन्हा काढलं. आत, कॉम्प्युटरच्या स्वतःच्या डिस्कपासून मदरबोर्डच्या मोठ्या हिरव्या तक्त्यापर्यंत जाणारी एक चपटी लाल केबल असते. सगळी माहिती तिच्यातूनच ये-जा करते. ती सैल सोडायची असते. पाकदेंची केबल तीन घड्या घालून, काठाला काठ जुळवून, दोन रबरबँडांनी घट्ट बांधलेली होती. रबर उष्णतेनं वितळून तिला चिकटलं होतं आणि घडीच्या जागी आतली तार पांढरी पडली होती. एवढी सुबक घडी गल्लीत दुसऱ्या कुणालाच जमली नसती.

सायकलवर बसून ते बाजारात गेले, नवी केबल आणली, सैल सोडून लावली. मग सगळी डिस्क एका दमात उतरली. एकही पाटी नाही. त्यांनी दार्मोंची फिल्म लावली. चार मिनिटं, बारा सेकंद, उघडं तोंड, राखाडी चौकोन. फाइलीवर तारीख होती त्याच दुपारची, दोन वर्षांपूर्वीची, याच खिडकीशी बसून केलेल्या कॉपीची. म्हणजे ती डिस्कमध्ये पोचली तीच मोडून पोचली. आणि फोनमधली मूळ फिल्म? ती त्यांनीच पुसली होती. शेजारधर्म म्हणून.

त्यांना आणखी एक गोष्ट कळायची होती, आणि ती त्यांना कुणी सांगितली नव्हती. म्हणून ते उठले आणि घरोघर निघाले.

आधी बू हार्त्योंकडे. उकाडा, चहा, गुडघे. मग, "हं... थोरल्याच्या लग्नाची फिल्म... ती व्यवस्थित आहे ना?"

"छान आहे की, पाकदे! सगळ्यांना आवडली."

"जरा बघू?"

बू हार्त्योंचा चेहरा दूध पिताना पकडलेल्या मांजरासारखा झाला. "आत्ता? लाइट जाईल हो."

लाइट गेली नाही. फिल्म लागली. आमच्या लग्नातल्या रीतीप्रमाणे नवरदेव अंड्यावर पाय ठेवून ते फोडणार, सगळी मंडळी श्वास रोखून बघतायत, पाय खाली येतोय, येतोय, आणि अंड्याच्या चार बोटं वर थांबला.

"इथे... जराशी विश्रांती घेते ती," बू हार्त्यो जमिनीकडे बघत म्हणाल्या. "मग पुढचं आम्ही तोंडी सांगतो पाहुण्यांना. फार काही नसतं हो पुढे."

"तीन वर्षं?"

"अंडं फुटलं एवढं माहीत आहे ना सगळ्यांना, मग झालं."

गल्लीप्रमुखांकडे पोत्यातल्या शर्यतीतला पोरगा हवेत लटकला होता. तीन ऑगस्ट येऊन गेले तरी खाली आला नव्हता. गल्लीप्रमुख म्हणाले, "उलट बरं पाकदे, नाहीतर पडतो तो पुढे." आणि हसले आणि लगेच हसायचे थांबले.

मग पाकदे आमच्या फाटकाशी आले. माझ्या शाळेतल्या नाचाची फिल्म त्यांनीच कॉपी केली होती.

"खरं सांग हं," ते मला म्हणाले. घसा खाकरायला विसरले होते. "नीट आहे?"

मी त्यांच्या तोंडावर दोन वर्षांपूर्वी म्हटलं होतं, छान झालीय पाकदे, खूप आभार. आणि घरी येऊन आईला पाकदेंच्या आवाजात म्हटलं होतं, हं... याला म्हणतात संस्कार. आई हसून लोळली होती.

"आम्ही नऊ जणी होतो," मी म्हणाले. "त्यात तिघी नाचतात. बाकीच्या चौकोन आहेत."

"मग सांगितलं का नाहीस, पोरी?"

काय सांगणार? भीड पडते. फुकट करून देतात, रुमालात गुंडाळून देतात. त्यांना कसं म्हणायचं की मोडलंय? मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. तेही माझ्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं," ते म्हणाले. "आणि सांगितलं फक्त त्यानं."

त्यानं म्हणजे कुणी, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

हजाराव्या दिवसाच्या आदल्या दिवशी ते बू सामिनेमना सगळं सांगायला गेलेही होते. पण दारातच त्या म्हणाल्या, "किती त्रास घेतलात हो आमच्यासाठी, आठवडाभर," आणि बसायला नवी चटई घातली. पाकदे त्या नव्या चटईवर बसले, चहा प्यायले, उकाड्याबद्दल बोलले आणि परत आले. बुदेंनी विचारलं, "सांगितलं?" तर म्हणाले, "चहा फार गोड होता."

हजारावा दिवस. दुपारच्या नमाजानंतर पुरुषमंडळी बू सामिनेमच्या बाहेरच्या खोलीत चटयांवर बसली. आम्ही बायका मागे स्वयंपाकघरात, भाताचे डबे भरत होतो. मधलं दार उघडं होतं. घरच्यांच्या वतीनं बोलायला नेहमीप्रमाणे पाकदे उभे राहिले. गल्लीत तसली भाषा येणारे ते एकटेच. मोठ्यांशी बोलायची ती जावानी अशी असते की तीत पाणी मागायलाही चार वाक्यं लागतात.

स्वागत झालं. दुवा झाली. मग पाकदेंनी घसा खाकरला.

"तथापि, उपस्थित सज्जनहो, दिवंगतांच्या चित्रफितीस जी क्षती पोहोचली, तीस प्रस्तुत वक्त्याचे अज्ञान व अनवधानच सर्वस्वी कारणीभूत असून, त्याबद्दल अंतःकरणपूर्वक क्षमायाचना..."

"आमच्याकडूनही, आमच्याकडूनही!" सगळी खोली एका सुरात म्हणाली.

कारण आमच्याकडे प्रत्येक भाषणात माफी मागतात. बसायला जागा कमी पडली त्याची माफी, चहा पातळ झाला त्याची माफी, शब्द चुकला असेल त्याची माफी. आणि ऐकणारे म्हणतात, आमच्याकडूनही. माफी आली म्हणजे भाषण संपत आलं, एवढंच लोकांना कळतं. दोघातिघांनी तर डब्यांच्या दिशेनं बघायला सुरुवात केली.

पाकदे गोंधळले. त्यांनी पुन्हा सुरू केलं. "कृपया गैरसमज नसावा. मी उपचारादाखल बोलत नाही. सदर दोष अन्य कोणाही व्यक्तीचा नसून केवळ माझ्याच..."

"आमच्याकडूनही!"

"असं नाही हो," पाकदे म्हणाले. त्यांचे हात पोटावरून सुटले होते. "ऐका तरी!"

स्वयंपाकघरात आमचे हात थांबले. त्यांचा तसला आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. माझ्या शेजारी बुदे उभ्या होत्या, त्यांनी डोळे मिटून घेतले.

"अरे, मी मोडली ती!" पाकदे ओरडले, अगदी साध्या, फाटकातल्या भाषेत. "तार्जोनं नाही. माझ्या डब्यातली वायर मोडकी होती. मीच घडी घालून मोडली होती. तुमचंही सगळं मीच मोडलं, आणि तुम्ही छान छान म्हणालात. हा एकटा सांगायला आला, तर मी त्याच्यावरच ढकललं. डिस्क पडली का विचारलं. मला माहीत होतं विचारलं की काय होणार. आणि फोनमधली पण मीच पुसली. आता ती कुठेच नाही."

प्रार्थना म्हणणारे आजोबा कानानं अधू. त्यांना वाटलं दुवा चाललीय. ते म्हणाले, "आमीन."

कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही, आणि माझ्यासारखीच्या हाती आयतं आलेलं होतं ते.

तार्जो दाराशी चहाचे पेले घेऊन उभा होता. तो म्हणाला, "मंग आत जाऊन बोला की पाकदे. हितं बोलून काय उपेग? माक आत हाय."

सगळ्यांनी खाली बघितलं. म्हणजे पाकदेंनी स्वयंपाकघरात जायचं? पुरुष तिथे जात नाहीत, आणि गल्लीच्या वतीनं बोलणारा तर नाहीच. पण तार्जो दारातून बाजूला झाला, वाट करून दिल्यासारखा.

पाकदे आत आले. चुलीच्या धुरात, बायकांच्या मधोमध, टोपी कपाळावर आलेली. बू सामिनेम भात काढत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आम्ही सगळ्यांनीच ऐकलं होतं, पण ऐकलं नाही असं दाखवणंच रीतीचं म्हणून त्या भात काढतच राहिल्या.

"बू," पाकदे म्हणाले. "मी मोडली. तार्जोनं नाही."

"असू दे हो पाकदे," बू सामिनेम भाताकडे बघत म्हणाल्या. "चार मिनिटं आहेत ना. पुष्कळ आहेत."

"असू दे म्हणू नका. बोला मला. काहीतरी टाकून बोला."

"तुम्हाला कसं बोलू?"

"बोला!"

त्यांच्या हातातला पळा थांबला. मग अगदी हळू, पाकदेंना नाही, त्या पळ्यालाच म्हणाल्या, "दोन वर्षं. दोन वर्षं तो माझ्या घरात जेवतोय आणि मी त्याला एक शब्द बोलले नाही. तुम्ही एकदा विचारलंत, पडली का म्हणून. बाकीचं मीच केलं." आणि त्यांनी डोक्यावरच्या कापडाचं टोक तोंडावर ओढून घेतलं. त्यांना रडू येत नव्हतं. लाज येत होती. कुणाला तोंड दाखवावंसं वाटत नाही तेव्हा माणूस असं तोंड झाकतो.

आम्ही कुणी हललो नाही. बुदे हलल्या नाहीत, बू हार्त्यो हलल्या नाहीत. आम्हीही बाकीच्यातच होतो ना. भाजीच्या गाडीपाशी, फाटकापाशी, नकला करताना.

मग तोंडावरचं कापड तसंच ठेवून बू सामिनेमनी हाक मारली, "तार्जो!"

लेकीला नाही. सरळ त्याला.

तार्जो दारात आला. "काय माक?"

आता पुढे काय बोलायचं ते त्यांना येईना. वयानं मोठ्या बाईनं जावयाची माफी कशी मागायची, याची रीत आमच्याकडे कुणी घालून दिलेली नाही. शेवटी म्हणाल्या, "...जेवलास का?"

"न्हाई," तार्जो म्हणाला. "इच्यारलं कुनी?"

तेगलचा माणूस, सरळ बोलला. बू सामिनेमना ते लागलं, आम्हालाही लागलं. त्यांनी एक ताट ओढलं आणि त्यात भात वाढला, मग आणखी वाढला, मग आणखी, जणू दोन वर्षांचा सगळा आजच वाढायचा होता. भात ताटाच्या कडेवरून सांडायला लागला तरी त्यांचा हात थांबेना.

पाकदे मात्र तिथेच मधोमध उभे होते. जायचं की थांबायचं, त्यांना कळत नव्हतं. जा म्हणायची आम्हा कुणाची छाती नव्हती आणि बसा म्हणायची त्या वेळी कुणाला इच्छा नव्हती. चुलीवरची मोठी हंडी उतरवायची वेळ झाली होती आणि ते बरोबर तिच्या वाटेत होते. बुदेंनी फडकं उचललं आणि पुन्हा ठेवलं.

तार्जोनं आपलं ताट कोपऱ्यात ठेवलं, ते फडकं घेतलं आणि हंडीच्या दोन्ही कानांना धरून ती उचलली.

"सरका पाकदे," तो म्हणाला. "भाजंल."

पाकदे सरकले.